मिऱ्यांच्या खोलीत बिऱ्हाड

अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठचं कुठलंही जुनं घर घ्या, त्याच्या कपाळातून एक तुळई बाहेर आलेली असते आणि तुळईच्या टोकाला लोखंडी हूक असतो. गावात नवा आलेला माणूस आधी कालवा बघतो, मग पूल बघतो, मग अंगावर येणारी सायकल बघतो. हुकाकडे त्याचं लक्ष जातं ते सगळ्यांत शेवटी. आमचं आधी गेलं, कारण हातात विमान कंपनीने मुश्किलीने मान्य केलेल्या वजनाच्या दोन बॅगा होत्या आणि समोर जिना होता.

ही घरं सतराव्या शतकात व्यापाऱ्यांनी बांधली. खाली पेढी, मध्ये कुटुंब आणि वर पोटमाळ्यावर माल, अशी वाटणी. माल वर का? तर खाली ओल, कधीमधी पाणी; आणि मालाला ओल लागून चालत नाही. कुटुंबाला लागली तर चालते. हुकाला कप्पी लावायची, दोर सोडायचा आणि पोती, पेटारे, पिंपं थेट रस्त्यावरून माळ्यावर चढवायची. चढताना माल भिंतीवर घासू नये, खिडक्यांच्या काचा फुटू नयेत म्हणून दर्शनी भिंतच मुद्दाम रस्त्याकडे झुकती बांधायची. पर्यटक ते पाहून ‘बिचारं वयाने वाकलंय’ असं हळहळतात आणि फोटो काढतात. ते वाकलेलं नसतं, पोत्यांच्या सोयीसाठी वाकवलेलं असतं. (बाजूला कलंडलेली घरं वेगळी. ती खरोखरच खचलेली आहेत.) एवढी सगळी सोय झाल्यावर घरात जी फट उरली, तिच्यात माणसांसाठी जिना घातला.

घराच्या रुंदीचीही एक गोष्ट बोटीवरचा गाइड हमखास सांगतो. म्हणे दर्शनी रुंदीवर कर होता, म्हणून लोकांनी घरं अरुंद बांधली. कर वाचवण्यासाठी माणूस आडवं पसरायचं सोडून उभा वाढेल, हे मराठी माणसाला चटकन पटतं. पण मुळात जमिनीचे तुकडेच तसे पाडले होते. १६१३ पासून गावाने कालव्यांचं मोठं कडं खणायला घेतलं, काठचे प्लॉट विकायला काढले. हेरेनग्राख्त म्हणजे सगळ्यांत वरच्या लोकांची वस्ती. तिथेसुद्धा प्लॉटची रुंदी साधारण तीस फूट, आणि तोही अ‍ॅमस्टरडॅमचा फूट, आपल्यापेक्षा आखूड. मागे लांबी मात्र भरपूर. या कालव्यांच्या ओळीत पहिला कालवा गावच्या कारभारी मंडळींच्या नावाचा, दुसरा सम्राटाच्या, तिसरा राजपुत्राच्या. सम्राटाला दुसऱ्या ओळीत बसवणारं गाव व्यापाऱ्यांचंच असणार.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी अर्थात रुंदीही विकत घेतली. ट्रिप नावाचे दोन भाऊ होते, धंदा शस्त्रांचा. त्यांनी १६६०च्या सुमारास बांधलेलं घर बावीस मीटर रुंद आहे आणि त्याची धुराडी उखळी तोफांच्या आकाराची आहेत, म्हणजे पैसा कुठून आला हे लपवायची भानगडच नाही. त्याच्या समोर कालव्यापलीकडे अडीच मीटर रुंदीचं एक चिमुकलं घर आहे. दंतकथा अशी, की ट्रिपांचा गाडीवान एकदा म्हणाला, ‘मालकांच्या दाराएवढं रुंद घर मिळालं तरी जन्माचं कल्याण होईल.’ मालकांनी ऐकलं आणि बरोब्बर तेवढंच दिलं. मालकांसमोर बोलायचंच तर माणसाने निदान फाटकाएवढं मागावं.

आता आम्ही हॉटेलात का उतरलो, हे सांगायला हवं. भाचा अ‍ॅमस्टरडॅमला खेटून असलेल्या अ‍ॅम्स्टलफेनमध्ये राहतो. तिथे आयटीवाले भारतीय इतके, की संध्याकाळी बागेत चार भाषांतून ‘पळू नकोस, पडशील’ ऐकू येतं. भाच्याचा फ्लॅट नवा आहे, लिफ्ट आहे, जास्तीची एक खोली आहे. आणि त्या खोलीत त्याचे सासू-सासरे आमच्या आधी येऊन स्थिरावले होते.

“मामा, तुमच्यासाठी एकदम खास जागा बघितलीय,” तो फोनवर म्हणाला. “प्रिन्सेनग्राख्तवर. साडेतीनशे वर्षांचं घर आहे. बुटीक हॉटेल. मामीला तर फारच आवडेल.”

“लिफ्ट आहे का रे?” मामीने मागून विचारलं.

“मामी, हेरिटेज आहे,” भाचा म्हणाला. प्रश्न ‘लिफ्ट’ आणि उत्तर ‘हेरिटेज’ असलं की माणसाने सावध व्हावं.

बुटीक हॉटेलात काउंटर नसतो. एक सोफा असतो, त्यावर एक तरुण लॅपटॉप घेऊन बसलेला असतो, आणि तो पाहुणा आहे की मालक, हे तो उठून नाव विचारेपर्यंत कळत नाही. या तरुणाने आमचं फार प्रेमाने स्वागत केलं. इमारत राष्ट्रीय स्मारक आहे, साधं छिद्र पाडायचं तरी परवानगी लागते, त्यामुळे लिफ्टचा प्रश्नच येत नाही, हे त्याने अशा अभिमानाने सांगितलं की आम्हाला ‘अरे वा’ म्हणावं लागलं. मग एक बॅग उचलून तो दोन-दोन पायऱ्या टाकत दिसेनासा झाला. दुसरी बॅग आणि मी खाली उरलो.

त्या जिन्याबद्दल सविस्तर सांगायला हवं. पायरी जेमतेम अर्ध्या पावलाची. पाऊल पुरं टेकायचं तर ते आडवं ठेवावं लागतं, म्हणजे खेकड्याची चाल आली. दोन पायऱ्यांमधली उंची मात्र भरघोस. वर जाणाऱ्याची टाच मागच्याच्या नाकासमोर. एका बाजूला कठड्याऐवजी जाड दोर, भिंतीतल्या कड्यांमधून ओवलेला, हातांनी घासून घासून गुळगुळीत आणि काळपट झालेला. प्रत्येक पायरीच्या मध्यावर लाकूड झिजून उथळ खळगा झाला होता, आणि वळणावर तर पायरी आतल्या बाजूला पार निमुळती होऊन नाहीशीच होत होती. आमच्या घरी दिवाळीचे डबे काढायला माळ्यावर चढायची जी शिडी आहे, ती याहून ऐसपैस आहे. दुसऱ्या मजल्यावर बायको थांबली आणि म्हणाली, “पुढे मागे काही झालं तर मला खिडकीतूनच काढा. हूक आहेच.”

खोली चौथ्या मजल्यावर. दारावर नंबर नाही, नाव. पूर्वी या गावात घरांना नंबर नव्हतेच. भिंतीत कोरीव, रंगवलेले दगड बसवलेले असायचे आणि ‘बैलाचं घर’, ‘जहाजाचं घर’ असे पत्ते चालायचे. ते दगड अजून गावभर दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांचा अंमल आला आणि त्यांनी घरांना नंबर ठोकले. आमच्या हॉटेलाने ते पुन्हा काढून घेतले होते. आमच्या खोलीचं नाव ‘मिरी’. शेजारी ‘लवंग’, खाली ‘दालचिनी’, आणि आणखी वर, छताच्या अगदी टोकाशी ‘जायफळ’. जायफळाचं भाडं मिऱ्यांपेक्षा जास्त होतं, आणि इतिहासाला धरूनच होतं. जायफळाच्या एका चिमुकल्या बेटावरचा इंग्रजांचा हक्क सुटावा म्हणून डचांनी १६६७च्या तहात मॅनहॅटनवर पाणी सोडलं. त्याआधी १६२१ मध्ये याच जायफळापायी बांदा बेटांवरची माणसं त्यांनी हजारोंनी मारली, हे मात्र खोलीतल्या देखण्या माहितीपत्रकात नव्हतं. तिथे फक्त ‘मसाल्यांचा सुगंध’ होता.

“म्हणजे इथे खरंच मिरी ठेवायचे?” बायकोने तरुणाला विचारलं.

“शक्य आहे,” तो म्हणाला. “व्यापाऱ्याचंच घर होतं.”

बायकोचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, आणि तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तेही संरक्षित स्मारक. त्यात राहायला भाडं मात्र नाही, म्हणून झाडं राहतात. त्याच किनाऱ्याने खाली गेलं की मलबार, म्हणजे मिऱ्यांचं माहेर. तरुण खाली गेल्यावर बायको पलंगावर बसली आणि थोडा वेळ हिशेब करून म्हणाली, “आमच्या किनाऱ्यावरची मिरी यांनी नेली. ती इथे हुकाला टांगून आरामात वर आली. आणि आता त्याच मिऱ्यांच्या जागेवर झोपायला आपण भाडं भरून जिन्याने आलो.” यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

खोली सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे. उतरतं छत, हातभर जाडीच्या जुन्या तुळया, पांढरी चादर, एका कोनाड्यात कुणीच न वाचलेली पुस्तकं. मधली तुळई माझ्या कपाळाच्या बरोबर उंचीवर होती आणि तेवढ्याच भागाला चामड्याची गादी शिवली होती. चामडं मधोमध मऊ पडलं होतं. आधीच्या पाहुण्यांनी बरंच काम केलेलं दिसलं. जमीन कालव्याकडे उतरती. चाकांची बॅग कोपऱ्यात उभी करून ठेवली तर रात्री ती आपणहून खिडकीशी गेली. पेन टेबलावर ठेवलं की खाली, आणि खालून पलंगाखाली. पण उतार कळला की त्याची सोय होते. दुसऱ्या दिवसापासून हरवलेली प्रत्येक वस्तू आम्ही थेट खिडकीखालच्या फळीपाशी शोधत होतो आणि ती तिथे असायची.

अडचण होती ती आंघोळीची. बुटीक हॉटेलवाल्यांना न्हाणीघराला भिंत का खपत नाही, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. इथे तांब्याचा मोठा टब चक्क पलंगाच्या पायथ्याशी, खिडकीसमोर मांडला होता. खिडकी पुरुषभर उंच आणि पडद्याविना. या घरांना खिडक्या मोठ्या असतात, कारण अरुंद आणि लांबलचक घरात उजेड शिरायला दुसरी वाट नाही; शिवाय जमीन मऊ, विटांचं ओझं जितकं कमी तितकं बरं. डच लोक पडदे ओढायचे कष्टही घेत नाहीत. संध्याकाळी कालव्याकाठाने चाललं की प्रत्येक घरात कोण काय जेवतंय ते दिसतं. ते आत बघू देतात आणि जाणारे-येणारे डच आत बघत नाहीत. बघतो आपण. पण समोरच्या काठाला आमची आंघोळ बघू देण्याइतके आम्ही उदारमतवादी नव्हतो. बायकोने बॅगेतून सोलापुरी चादर काढली, तुळईवरून टाकली, दोन टोकांना चिमटे लावले. राष्ट्रीय स्मारकात विनापरवाना झालेलं हे आमचं बांधकाम. बादली मागितली तेव्हा तरुणाने शॅम्पेन थंड करायची आणून दिली. तिने काम भागलं.

एका सकाळी त्याच खिडकीतून हूक प्रत्यक्ष कामावर असलेला बघायला मिळाला. समोरच्या काठावर एका घरात कुणी तरी राहायला येत होतं. रस्त्यावर हिरवा, तीन माणसांचा मखमली सोफा उभा. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीची चौकट काढून ठेवलेली, आत एक मुलगी दोन्ही हात पसरून तयार. खाली दोघे. एकाने सोफ्याला पट्टे आवळले, दोर कप्पीतून ओवला, दुसऱ्याने पाय रोवले आणि ओढायला लागला. सोफा हळूहळू अधांतरी झाला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली, चारही पाय कालव्याकडे केले, पुन्हा वळला. भिंत झुकती असल्याने कुठे घासायचं नाव नाही. पर्यटकांची बोट जात होती, तिच्यातले सगळे मोबाइल एकदम वर वळले. मुलीने सोफ्याचा हात धरला, “हां, हां” अशा अर्थाचं काही तरी ओरडली, आत ओढला, आणि सोफा अलगद आत गेला. पाच मिनिटांचा खेळ. सोफ्याला एक पायरी चढावी लागली नाही.

मी खाली जाऊन तरुणाला विचारलं, आपल्याही हुकाला बॅगा लावता येतील का.

“बॅगा लावता येतील,” तो म्हणाला, “पण त्याचे लोक वेगळे बोलवावे लागतात.”

“आणि माणसं?” बायकोने विचारलं.

“माणसांना विमा नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. या देशात विनोद असाच करतात की तो विनोद नव्हता, ते कळलं नाही.

रात्री कौलांखालची ती खोली तापायची. पंखा नाही, एसी नाही, म्हणून खिडकी उघडायची. खिडकी उघडली की डास. युरोपात डास असतात हे आपल्याला कुणी सांगत नाही. चारही बाजूंनी पाणी असल्यावर ते कुठे जाणार? बायकोने ओडोमॉस काढलं आणि मसाल्यांच्या सुगंधावर त्याने सहज मात केली. डोळा लागतो न लागतो, तोच वेस्टरकेर्कची घंटा. हे चर्च जवळच आहे, आणि त्याच्या घंटा दर पंधरा मिनिटांनी वेळ सांगतात. मी एका पहाटे चिडून उठलो होतो. मग आठवलं, की याच चर्चच्या सावलीत, याच कालव्यावरच्या २६३ नंबरच्या घराच्या मागच्या भागात अ‍ॅन फ्रँक लपून राहिली होती आणि तिने डायरीत या घंटेबद्दल लिहिलंय, तिला रात्री तिची सोबत वाटायची. तक्रार करायला जागा राहिली नाही. पुन्हा आडवा झालो आणि पुढचे टोले मोजले.

न्याहारी तळघरात, म्हणजे जुन्या स्वयंपाकघरात. ते अर्धं जमिनीखाली असल्यामुळे खिडकीतून फक्त चाकं आणि पावलं दिसतात. सायकलींची चाकं, धावणाऱ्यांचे बूट, कुत्र्यांचे पाय. टेबलावर चीजचे प्रकार आणि पाव; आणि एका खोक्यात चॉकलेटची बारीक शेव. ती इथली मोठी माणसं ऑफिसला जाण्यापूर्वी लोणी लावलेल्या पावावर भुरभुरून शांतपणे खातात. आमच्याकडे असं मागणाऱ्या पोराला पाठीत धपाटा बसला असता. बायकोला दुधाच्या बाटल्यांमध्ये ताक सापडलं. चक्क ताक, आंबट, घट्ट. तिने पर्समधून जिऱ्याची पूड काढली, मीठ घातलं, एक ग्लास मला दिला. दुसऱ्या दिवशी तिने पावावर लोणी लावून मेतकूट भुरभुरलं, तर शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ आपली चॉकलेटची शेव थांबवून कुतूहलाने बघत राहिला. अखेर दोघांनी डबे बदलून पाहिले. मेतकूट बरंच कमी होऊन परत आलं.

भाचा एकदा न्याहारीला आला होता. म्हणाला, “मामा, तुम्ही बसलाय त्याच्याखाली लाकूड आहे. सगळं गाव लाकडी खांबांवर उभं आहे.” वरची जमीन चिखल आणि दलदल, वाळूचा घट्ट थर लागेपर्यंत, म्हणजे बारा-एक मीटर खोल खांब ठोकायचे आणि त्यावर घर. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत. तो १६४८ मध्ये नगरभवन म्हणून बांधायला घेतला होता. शाळेतल्या मुलांना आकडा लक्षात ठेवायला युक्ती शिकवतात: वर्षाचे दिवस ३६५, पुढे एक, मागे नऊ. हे लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेल तर शतकानुशतकं टिकतं, पाणी उतरून हवा लागली की कुजतं. जगात घरात पाणी शिरलं म्हणून लोक ओरडतात. इथे पाया कोरडा पडला की ओरडतात. कालव्याच्या खोलीबद्दल गावात म्हणतात, की ती तीन मीटर: एक मीटर पाणी, एक मीटर चिखल आणि एक मीटर सायकली. यातला शेवटचा मीटर फारसा खोटा नाही. दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली बोटीवरच्या पंजाने उपसून काढतात.

“सायकली पडतात कशा?” मी विचारलं.

“काही चोरून टाकतात, काही वाऱ्याने, काही दारूने,” भाचा म्हणाला. त्याची स्वतःची कशाने गेली, हे त्याने सासूबाईंसमोर सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

निघायच्या दिवशी बिल आलं. खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर. २०२४ पासून इतका आहे, आणि युरोपात इतका फार कमी गावांत असेल. गाइडची ती अरुंद घरांची गोष्ट खरी धरली, तर घर बांधणाऱ्या व्यापाऱ्याने वाचवलेला कर गावाने साडेतीनशे वर्षं थांबून आमच्याकडून वसूल केला. बायकोने बिल नीट वाचलं, जिन्यासाठी कुठे सूट दिसत नाही याची खात्री केली आणि तरुणाला मेतकुटाची उरलेली पुडी दिली. जिना मात्र उतरायचा बाकी होता. तो पाठमोरं, दोराला धरून, बाळाने पलंगावरून उतरावं तसा उतरायचा असतो, हे आम्हाला तोपर्यंत जमायला लागलं होतं.

संध्याकाळी भाच्याकडे जेवायला गेलो. लिफ्टने. बायकोने तिसऱ्या मजल्याचं बटण जरा जास्तच वेळ दाबून धरलं. सासू-सासरे आरामात होते. जास्तीच्या खोलीत त्यांचा देव्हारासुद्धा मांडून झाला होता. मुक्काम अजून महिनाभर तरी हलायचा नव्हता.

“कसं काय होतं हो तुमचं हॉटेल?” विहीणबाईंनी वरणावर तूप वाढत विचारलं. “जावई म्हणत होते, फारच सुंदर आहे.”

“काय सांगू विहीणबाई!” बायको म्हणाली. “साडेतीनशे वर्षांचं घर, सगळं जसंच्या तसं ठेवलंय. खिडकीत बसलं की कालवा. सकाळी ताक मिळतं. मी तर म्हणते, तुम्ही दोघांनी राहायलाच हवं. आम्ही मिऱ्यांत होतो, तुम्ही जायफळ घ्या. अजून एक मजला वर आहे, हवा छान लागते.”

“पण माझे गुडघे…”

“त्यांना काय होतंय? जिना आहे छोटासा,” बायको म्हणाली आणि भाच्याकडे वळली. “अरे, उद्यापासून जायफळ रिकामी आहे का, बघ बरं जरा.”